अकरा टक्के

आधीच सांगून ठेवते, फोन वाजला नाही.
त्या रात्री नाही, नंतरही नाही.

अल-मीनाच्या बंदरापासून दोन गल्ल्या आत आमची इमारत.
लिफ्ट चौथ्या-पाचव्याच्या मधे अडकलेली,
आत कुणाचीतरी कांद्यांची पिशवी,
उन्हं चढली की जिनाभर तिचा वास.
वीज यायची रुसलेल्या पाहुणीसारखी,
टेकते न टेकते तोच उठायची.

समोरच्या दारात उम्म सुहैब.
सुहैबची आई. आमच्याकडे थोरल्या मुलाच्या नावानंच
बाईला हाक मारतात.
सप्टेंबरात एका रात्री तो मुलगा बोटीत बसला,
"पोचलो की फोन करतो" म्हणाला,
आणि बोट पोचल्याचंही कुणी सांगितलं नाही,
बुडाल्याचंही.
त्यानंतर जिन्यात माणसं तिच्यापाशी अडखळू लागली.
हाक मारावी तर ओठांवर मुलाचं नाव.
मग कुणी नुसतं खाकरायचं,
कुणी म्हणायचं, "अहो, जरा बाजूला."

ती मात्र रात्री दोनला वीज आली तरी
उठून आधी फोन लावायची चार्जिंगला.
फ्रिज नंतर, पंपाचं पाणी नंतर.
जानेवारीत तिनं दोन कप मांडणं सोडलं.
मार्चात त्याचे बूट तळमजल्यावरच्या हुसामला देऊन टाकले,
नाड्या तेवढ्या ठेवून घेतल्या, का कोण जाणे.
आशा एकदम जात नाही,
साबणाच्या वडीसारखी हातातल्या हातात झिजते,
आणि उरलेली चकती
माणूस नव्या वडीला चिकटवू बघतो.
तिच्याकडे नवी वडी नव्हती.
फोन होता.

मे महिना. सकाळी माझा रसायनशास्त्राचा पेपर.
अबू रियादनं जनरेटरची तार कापलेली,
तीन महिन्यांचे पैसे थकले म्हणून.
मेणबत्तीचं बूड बशीत विरघळलं.
बाबा कुशीवर वळत म्हणाले,
"झोप आता. शिकून काय दिवे लावणार आहेस?"
मी वही घेऊन जिन्यात जाऊन बसले.
तिथंही काळोखच, फक्त जरा मोठा.

दार करकरलं.
ती आली, माझ्या वरच्या पायरीवर बसली,
आणि माझ्या खांद्यावरून
पांढरा उजेड वहीवर पडला.
मान वळवून पाहिलं. पडद्यावर अकरा टक्के.
"नको, खाला. फोन आला तर?"
ती बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, "डावीकडे चार, उजवीकडे तीन.
हे जमत नाहीये तुझं."
शाळा तिनं पाहिलेली नव्हती,
पण आयुष्यभर मासळीचा तराजू धरलेला;
कुठलं पारडं वर गेलंय ते तिला लांबून दिसायचं.

नऊ. सात.
एकेक समीकरण जुळलं की ती "हं" करायची.
चार.
दोनवर तिचा अंगठा पडद्यावर फिरला,
जिथं त्याचा चेहरा होता तिथं.
उजेड हलला, परत वहीवर आला.

मग विझला.

इतका अंधार की माझे हात मला सापडेनात.
तिचा श्वासही ऐकू येईना.
घाबरून मी हाक मारली,
जी त्या इमारतीत कित्येक महिने
कुणी मारली नव्हती:
"उम्म सुहैब?"

खालून कुठूनतरी समुद्राचा आवाज येत होता,
किंवा माझ्याच कानांचा.
वरच्या पायरीवर कापड सळसळलं.
"आहे ना," ती म्हणाली.
"वाच पुढचं."
"दिसत नाही."
"पाठ असेल तेवढं वाच."